वाटेत बंद पडणारी मोटार : एका दुर्लक्षित विषयाचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी इतिहासाचा विषय घ्यायचा म्हटले की राजे, तह, लढाया, फार तर समाजसुधारक यांच्यापलीकडे वक्ता सहसा जात नाही. मी आज निवडलेला विषय त्या मानाने फारच सामान्य वाटेल. चालती मोटार मध्येच बंद का पडते, आणि ती बंद पडली म्हणजे त्याचा जाब आपण कोणाला विचारत आलो, एवढाच तो विषय आहे. परंतु ज्या कोयलीच्या परिसरात आपण आज जमलो आहोत, तेथील चिमण्यांच्या सावलीत वाढलेल्या श्रोत्यांसमोर हा विषय मांडताना मला फारसा संकोच वाटत नाही. मोटारीच्या पोटात जे जळते ते येथे तयार होते, आणि रस्त्यात थांबलेल्या गाडीचे कारण पुष्कळदा त्या रस्त्यापासून शेकडो मैल दूर असते, हे येथल्या माणसांना मुद्दाम पटवून द्यावे लागत नाही.

फार दूरचे नको, अलीकडचेच उदाहरण घेऊ. २०२५ सालच्या जून महिन्याच्या २६ तारखेला रात्री मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातील १९ मोटारी रतलामजवळच्या एका पंपावर डिझेल भरून निघाल्या, आणि थोडे अंतर जाताच एकामागून एक बंद पडल्या. टाक्या उघडल्या तेव्हा डिझेलबरोबर पाणी निघाले. रातोरात इंदूरहून दुसऱ्या गाड्या मागवाव्या लागल्या, पंपाला टाळे लागले, चौकशी सुरू झाली. रतलाम म्हणजे आपल्या बडोदे-दिल्ली लोहमार्गावरचेच स्थानक. या घटनेत मला लक्षणीय वाटते ती गोष्ट अशी, की एकोणीस गाड्या एकाच वेळी थांबल्यामुळे चालकांना कोणी दोष दिला नाही. एकच गाडी थांबली असती, आणि ती एखाद्या शिक्षकाची किंवा टॅक्सीवाल्याची असती, तर पहिला प्रश्न काय विचारला गेला असता? ‘गाडीची निगा राखता की नाही?’

हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. आरंभीच्या मोटारी वारंवार बंद पडत, आणि त्या पुन्हा चालू करणे हे चालकाचे कौशल्य मानले जाई. पुढच्या बाजूस लोखंडी हँडल घालून ते जोराने फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट, हात किंवा जबडा मोडे. अमेरिकेत बायरन कार्टर नावाचे एक मोटार-उत्पादक होते. पुलावर बंद पडलेली एका स्त्रीची मोटार चालू करून देताना हँडल उलटून त्यांना इजा झाली, पुढे त्यातच ते दगावले, आणि त्यामुळे व्यथित झालेल्या कॅडिलॅकच्या हेन्री लेलंड यांनी विजेवर चालणारा स्टार्टर करवून घेतला, अशी कथा सांगितली जाते. कथेच्या तपशिलाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये बसवला गेला, याविषयी मात्र मतभेद नाहीत. ज्याला आपले मेकॅनिक नुसते ‘सेल्फ’ म्हणतात, तो हाच. बंद पडलेली गाडी चालू करण्याची सोय झाली. गाडी बंद का पडते, हा प्रश्न तसाच राहिला.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात : वाफ झालेले इंधन, योग्य प्रमाणात हवा, आणि योग्य क्षणी ठिणगी. यांपैकी एक चुकली की चाक थांबते. द्रवरूप पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. म्हणून पेट्रोल सहज उडणारे असावे लागते. पण ते फार लवकर उडाले तर इंजिनापर्यंत पोहोचण्यापूर्वी नळीतच त्याची वाफ होते, द्रव ओढण्यासाठी केलेला पंप वाफ ओढू शकत नाही, आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. आमच्या पिढीतील ज्यांनी उन्हाळ्यात अँबेसेडर किंवा फियाटमधून खंडाळ्याचा अथवा कसाऱ्याचा घाट चढला असेल, त्यांना या शब्दाची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागली नाही. त्या गाड्यांचा इंधनपंप इंजिनालाच जोडलेला असे. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रखडत चालली की इंजिन तापे, पंप तापे, आणि मागे लॉऱ्यांची रांग असताना गाडी आचके देऊन थांबे. मग बॉनेट उघडायचे, पंपावर ओले फडके टाकायचे, आणि पंधरा-वीस मिनिटे दगडावर बसून राहायचे. पुष्कळ ड्रायव्हर घाट सुरू होण्यापूर्वीच पंपाभोवती ओले फडके गुंडाळून ठेवत. हा उपाय अगदी शास्त्रशुद्ध होता; पाण्याचे बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते, आणि पंपातील वाफेचे पुन्हा द्रव होते.

या ओल्या फडक्याचे कौतुक करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला त्यात थोडी अडचण वाटते. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून जी फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली, तीच पुढे पद्मिनी या नावाने शतकाच्या अखेरपर्यंत मूलतः त्याच रचनेत निघत राहिली. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी निवृत्त झाली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. अँबेसेडर १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि २०१४ पर्यंत निघत होती. गाडी नोंदवून वर्षानुवर्षे थांबणारे ग्राहक होते, आणि निवड करण्याजोगे दुसरे फारसे काही नव्हते. अशा बाजारात घाटात बंद पडणारी गाडी हा उत्पादकाच्या दृष्टीने दोष ठरत नाही; तो ग्राहकाच्या आयुष्याचा भाग होतो. फडके आणि पाण्याची बाटली ग्राहकाने ठेवायची, धक्का मारायला माणसे ग्राहकाने जमवायची, आणि त्याला आपण हुशारी म्हणायचे.

भाषेचाही यात हात आहे. गाडी बंद पडल्यावर मिस्त्री जे निदान करतो ते सर्वांच्या परिचयाचे आहे : ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय.’ जेट काढून फुंकर मारली की गाडी चालू होते आणि सर्वांचे समाधान होते. हा कचरा आला कोठून, हा प्रश्न तेथे संपतो. टाकीच्या गंजाचा तो असेल, पंपाच्या जमिनीखालील टाकीतला असेल, टँकरमधला असेल, किंवा मुद्दाम मिसळलेल्या एखाद्या पदार्थाने मागे ठेवलेला चिकट थर असेल. ‘कचरा’ या एका शब्दात ही सारी माणसे आणि संस्था लपून जातात. येथे बडोद्याची एक आठवण करून द्यावीशी वाटते. सयाजीराव महाराजांच्या प्रोत्साहनाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले, तेव्हा शास्त्र आणि यंत्रविद्या देशी भाषांतून शिकवावी, असा त्यामागे आग्रह होता. कारागिराला यंत्राचे नुसते भाग ठाऊक असून भागत नाही, त्यामागचे कारणही त्याच्या भाषेत त्याला सांगता आले पाहिजे, ही ती दृष्टी होती. तो प्रवाह पुढे अखंड वाहता, तर आपल्या गॅरेजमधील निदान ‘कचरा’ या शब्दावर थांबले नसते, असे माझे मत आहे.

आता कोयलीकडे वळू. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात देशातील पेट्रोल मुख्यतः परदेशी कंपन्यांच्या हाती होते. आसामातील दिग्बोईचा १९०१ सालचा कारखाना लहान होता. मुंबईत तुर्भे येथे स्टॅनव्हॅकचा कारखाना १९५४ मध्ये आणि बर्मा-शेलचा १९५५ मध्ये सुरू झाला. गुजरातेत १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेज येथे, आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. अंकलेश्वरचे तेल आरंभी रेल्वेने मुंबईच्या त्याच परदेशी कारखान्यांकडे पाठवावे लागे. आपल्या जमिनीतून निघालेले तेल आपल्याला शुद्ध करता यावे, म्हणून सोव्हिएत साहाय्याने कोयली येथे कारखाना उभारण्याचे ठरले. १० मे १९६३ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली. १९६५ मध्ये पहिला विभाग चालू झाला आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी तो राष्ट्राला अर्पण केला. वर्षाला २० लाख टनांच्या योजनेपासून सुरू झालेल्या या कारखान्याची क्षमता पुढे १ कोटी ३७ लाख टनांवर गेली. वसाहतीला जवाहरनगर हे नाव मिळाले. हा भाग आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, म्हणून मी तो थोडक्यात सांगितला.

माझ्या विषयाशी संबंध येतो तो कारखान्याच्या आत घडणाऱ्या एका निर्णयाचा. कच्चे तेल तापवून उंच मनोऱ्यात सोडले की निरनिराळ्या तापमानाला उकळणारे भाग वेगवेगळ्या पातळीवर वेगळे होतात. वर वायू, मग नॅफ्था आणि पेट्रोलचे घटक, त्याखाली रॉकेल, डिझेल, आणि तळाशी जड अवशेष. पेट्रोल म्हणून जे विकले जाते तो एक पदार्थ नसून अनेक घटकांचे ठरवून केलेले मिश्रण असते. हलके घटक अधिक घातले तर थंडीत गाडी चटकन चालू होते, पण उन्हाळ्यात व्हेपर लॉक होतो. ते कमी केले तर घाट बरा चढतो, पण सकाळी चोक ओढून ओढून बॅटरी उतरते. म्हणजे घाटात गाडी थांबेल की नाही याचा अर्धा निर्णय मिश्रण करणाऱ्या विभागात आधीच झालेला असतो. आपल्या राष्ट्रीय मानकात तर ‘व्हेपर लॉक इंडेक्स’ नावाचा आकडाच आला. चालू शतकातील मानकांनुसार साध्या पेट्रोलसाठी मे ते जुलै या महिन्यांत तो ७५०च्या वर जाता कामा नये, आणि इतर महिन्यांत ९५०च्या वर. ज्या दोषासाठी ड्रायव्हर फडके ओले करीत होता, त्या दोषाचे नाव अखेर शुद्धीकरण कारखान्याच्या बंधनांत लिहिले गेले. एखादा दोष कोणाच्या कागदावर नोंदवला जातो, यावरून तो कोणाचा मानला जातो हे कळते, आणि म्हणूनच मला हा आकडा इतिहासाचा पुरावा वाटतो.

इंजिन ठोके देऊन, धापा टाकून थांबते त्याचे आणखी एक कारण म्हणजे ‘नॉकिंग’. ठिणगीच्या आधीच, किंवा तिच्या ज्वाळेची वाट न पाहता, मिश्रण पेट घेते. या दोषामागेही तेच केटरिंग लागले. त्यांच्या हाताखालच्या टॉमस मिजली यांनी डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग, थोडेसे मिसळले की ठोके थांबतात असे शोधून काढले. १९२३ मध्ये ते बाजारात आले. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात ते तयार करणारे पाच कामगार विषबाधेने, भ्रमिष्ट अवस्थेत, मरण पावले. तरीही शिसे पेट्रोलात राहिले. इंजिन सुरळीत चालावे म्हणून शिसे हवेत, आणि हवेतून मुलांच्या रक्तात गेले. भारतात एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल आले, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगातील शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ मध्ये थांबले. इंजिन थांबू नये याची किंमत कोणी द्यायची, या प्रश्नाचे पाऊणशे वर्षे दिलेले हे उत्तर होते, आणि ते देणाऱ्यांत मोटार नसलेली माणसेच अधिक होती.

आता ज्या भागावर मला सर्वाधिक बोलावयाचे आहे तो भाग. कारखान्यातून निघालेले पेट्रोल मानकाप्रमाणे असले तरी पंपावर पोहोचेपर्यंत तसेच राहते का? गरिबाच्या चुलीसाठी आणि दिव्यासाठी सरकारने रॉकेल स्वस्त ठेवले. हेतू चांगलाच होता. परंतु मनोऱ्यात शेजारी-शेजारी निघणाऱ्या दोन पदार्थांच्या किमतींत मोठी दरी पडली की त्या दरीत धंदा उभा राहतो. रेशनचे रॉकेल ओळखू यावे म्हणून त्याला निळा रंग दिला गेला. २००६ मध्ये त्यात ओळखीचे रसायन मिसळण्याची योजना सुरू झाली, आणि दोन-अडीच वर्षांतच ती बंद पडली. भेसळ चालूच राहिली. पेट्रोल साधारण ३५ ते २१० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळते, रॉकेल १५० ते ३०० अंशांच्या. मिसळलेले रॉकेल पुरते वाफ होत नाही; प्लगवर काजळी धरते, व्हॉल्व्हवर थर बसतो, इंजिन ‘मिसिंग’ करू लागते, आणि एक दिवस चौकात, सिग्नल हिरवा होता होता, गाडी थांबते. मिस्त्री येतो आणि म्हणतो, कचरा आलाय.

हा कचरा थांबवू पाहणाऱ्यांचे काय झाले? इंडियन ऑइलचे तरुण विक्री अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांनी उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात भेसळ करणाऱ्या पंपावर कारवाई केली होती. १९ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांचा गोळ्या घालून खून झाला. ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. खटला चालला, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा जणांची जन्मठेप कायम केली.

दुसरे नाव आपल्या महाराष्ट्रातले आहे. मनमाडजवळ पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत आणि तेथून टँकर सुटतात. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या रस्त्याने जात होते. एका ढाब्याजवळ टँकर उभे असलेले पाहून त्यांना संशय आला. ते उतरले, त्यांनी छायाचित्रे घेतली, पुरवठा खात्याच्या लोकांना बोलावले. भेसळ करणाऱ्यांनी त्यांना तेथेच, भरदिवसा, रॉकेल ओतून जाळले. दुसऱ्या दिवशी राज्यभर ध्वजवंदन झाले, आणि त्यानंतर सरकारी कर्मचारी निषेधार्थ कामावरून उतरले. काही दिवस सर्वत्र छापे पडले.

सोनवणे यांना अधिकार होता, पद होते, कायदा होता. रस्त्यावर गाडी बंद पडलेल्या माणसाजवळ यांतले काहीही नसते. त्याच्याजवळ आहे तो गाळणकागद. फिल्टर पेपरच्या स्वच्छ तुकड्यावर पेट्रोलचा एक थेंब टाकायचा. दोन मिनिटांत तो उडून डाग राहिला नाही तर पेट्रोल शुद्ध, डाग राहिला तर संशयास्पद. ही चाचणी पंपावर मागण्याचा प्रत्येक ग्राहकाला हक्क आहे, आणि कागद पंपाने ठेवलाच पाहिजे. येथे बसलेल्या किती जणांनी तो आजवर मागितला आहे? प्रश्न विचारून मी पुढे जातो, कारण उत्तर सर्वांच्या चेहऱ्यावर दिसते आहे.

मनमाडचे नाव आणखी एका कारणासाठी घ्यावे लागते. पेट्रोलात उसाच्या मळीपासून केलेले इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, त्यांत महाराष्ट्रातील मिरज आणि मनमाड ही दोन ठिकाणे होती. २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले, २०२२ मध्ये देशभराची सरासरी दहा टक्क्यांवर पोहोचली, आणि २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर. शेतकऱ्याला पैसा आणि आयातीत बचत, हे दोन्ही हेतू रास्त आहेत. मात्र इथेनॉलला पाण्याची ओढ असते. टाकीत पाणी एका मर्यादेपलीकडे शिरले की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते, आणि गाडीचा पंप तळातूनच ओढतो. साध्या पेट्रोलच्या काळात पंपचालकाच्या टाकीत झिरपलेले थोडे पाणी तळाशी पडून राही. आता त्याच हलगर्जीपणाचे फळ अधिक लवकर आणि अधिक गाड्यांना मिळते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांचा आणि वॉशरचाही प्रश्न आहे. धोरण दिल्लीत ठरते, मिश्रण डेपोत होते, पाणी पंपावर शिरते, आणि गाडी तुमच्या दारात थांबते; या साखळीतील प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवू शकतो.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर पुराबद्दल दोन शब्द. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत हजारो मोटारी पाण्यात बंद पडल्या आणि काही माणसे बंद काचांच्या आत गुदमरून गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोद्यात शिरले, ते दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले की दट्ट्या ते दाबू शकत नाही, आणि सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपन्या अशा वेळी सांगत आल्या की पुराने झालेले नुकसान वेगळे, आणि पाण्यात सेल्फ मारल्याने झालेले वेगळे. दुसरे ग्राहकाने स्वतः केलेले. घाबरलेल्या माणसाने छातीइतक्या पाण्यात किल्ली फिरवली, तर तो त्याचा अपराध.

२००० नंतर प्रदूषणाच्या नव्या नियमांमुळे कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आले. इंधनपंप इंजिनापासून हलून पेट्रोलच्या टाकीत जाऊन बसला, विजेवर चालू लागला आणि पेट्रोल दाबाखाली ढकलू लागला. दाबाखालचे द्रव सहजासहजी उकळत नाही, म्हणून व्हेपर लॉक जवळजवळ नाहीसा झाला. आजच्या मुलांना ओल्या फडक्याची गोष्ट सांगितली तर ती दंतकथा वाटते. परंतु गाड्या बंद पडणे थांबले नाही. जपानच्या डेन्सो कंपनीच्या काही इंधनपंपांतील प्लॅस्टिकचे पाते पेट्रोल शोषून फुगते, पंपाच्या भिंतीला घासते आणि पंप अडकतो, असे निष्पन्न झाले. २०२० पासून टोयोटा, होंडा आदी कंपन्यांना जगभरातून लाखो गाड्या त्यासाठी परत बोलवाव्या लागल्या. अशी गाडी भर वेगात थांबते तेव्हा स्टिअरिंग एकाएकी जड होते आणि ब्रेकला एक-दोन वेळा दाबण्यापुरतेच साहाय्य उरते. घाटात ताशी पंधरा मैलांनी थांबणे आणि द्रुतगती मार्गावर शंभर किलोमीटरने थांबणे यांत फरक आहे.

याहून बोधक प्रकरण अमेरिकेतील जनरल मोटर्सचे. त्यांच्या शेव्हरले कोबाल्ट आदी छोट्या मोटारींचे किल्लीचे बटण इतके सैल होते की जड जुडग्याच्या वजनाने किंवा खड्ड्याच्या धक्क्याने किल्ली आपोआप फिरे, इंजिन बंद पडे, आणि अपघात झाला तर हवेची उशीही फुगत नसे. तक्रारी आल्या, तेव्हा किल्लीला कमी वजन लावा, असा सल्ला गिऱ्हाइकांना देण्यात आला. ओल्या फडक्याचाच हा अमेरिकन अवतार. २००६ मध्ये बटणाची रचना गुपचूप सुधारली गेली, पण सुट्या भागाचा क्रमांक बदलला नाही. त्यामुळे जुन्या आणि नव्या गाड्यांत फरक का पडतो हे वर्षानुवर्षे तपासणाऱ्यांना कळेना. २०१४ मध्ये अखेर सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषामुळे झाल्याचे मान्य केले. त्यांपैकी पुष्कळ अपघात आधी चालकाच्या चुकीच्या नावावर जमा झालेले होते.

आपल्याकडे दोषयुक्त गाड्या परत बोलावण्याची पद्धत जुलै २०१२ मध्ये उत्पादकांच्या संघटनेने ऐच्छिक म्हणून स्वीकारली. कायद्याचे बळ तिला २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यातील ११०-अ या कलमाने मिळाले, आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ठरावीक संख्येच्या मालकांनी एकाच दोषाची तक्रार केली, तर सरकार चौकशी करून गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगन-आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या इंधनपंपाच्या संशयावरून परत बोलावल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये त्याच कंपनीने आणखी १६,०४१ गाड्या बोलावल्या, आणि इंधनपंपाच्या मोटरमधील दोषामुळे इंजिन चालताना बंद पडू शकते किंवा सुरू होण्यास अडचण येऊ शकते, असे स्वतःच जाहीर केले. भाग विनामूल्य बदलून दिला गेला. त्या गाड्या २०१९ च्या जुलै ते नोव्हेंबर या महिन्यांतल्या होत्या. म्हणजे मधली साडेचार वर्षे त्यांतील एखादी गाडी वाटेत थांबली असेल, तेव्हा तिच्या मालकाने कोणते उत्तर ऐकले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे जवाहरनगरात किंवा आसपासच्या कारखान्यांत काम करतात, त्यांना एक विनंती आहे. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत घनतामापक आहे, गाळणकागद आहे, आणि आठवी-नववीच्या मुलांना द्रवांचे उत्कलनबिंदू शिकवले जातात. पेट्रोलच्या पंपावर दररोज लिहिलेली घनता आणि तिचा अर्थ, गाळणकागदाचा थेंब, आणि गाडीचा चासी क्रमांक घालून ती परत बोलावली आहे का हे पाहण्याची रीत, एवढे तीन तासांचे शिक्षण आपणांपैकी कोणी येऊन या मुलांना देईल, तर मुख्याध्यापक त्यासाठी वेळ काढतील, असे त्यांनी मला व्याख्यानापूर्वी सांगितले आहे. नावे कार्यालयात नोंदवावीत.